पूर वजा तळ

दत्ता,

तुझी माती आटोपून लोक ओढ्यावर हातपाय धुवायला निघाले, तेव्हा जो तो मलाच विचारत होता, "मास्तर, त्याला झालं तरी काय होतं?" एकाला मी ताप म्हणालो. दुसऱ्याला छाती म्हणालो. शेवटी सरपंचांनीच निकाल लावला, "मुंबईची हवा बाधली त्याला." सगळ्यांनी माना हलवल्या. मुंबई सोडून तू केव्हाचा गावात येऊन राहिला होतास, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर आधी मशीनची स्मृती कशी असते ते सांगावं लागलं असतं, मग त्या स्मृतीतल्या जागा, मग त्या जागांच्या जाती. ओल्या धोतरांनी उभी असलेली, घरी जायची घाई झालेली माणसं ती. मी गप्प राहिलो. आता सगळं शांत झालंय, म्हणून तुझ्याशी बोलतो.

भूमच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. गणित उर्दूतून. पूर्णांकाला आमचे मास्तर, जनाब, म्हणायचे 'सही अदद' आणि अपूर्णांकाला 'कसर'. तुझ्या घरी कसर म्हणजे कमतरता, आणि अंगात कसर म्हणजे बारीक ताप. एकदा तू भर वर्गात विचारलंस, "जनाब, पाव कसर म्हंजे माणूस किती आजारी?" सगळा वर्ग हसला. जनाबनी तुझा कान धरला, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. विलीनीकरण झालं, शाळा मराठी झाली, जनाब हैदराबादेला निघून गेले. आपण दोघं मात्र आपसात हिशेब करताना सही आणि कसरच म्हणत राहिलो. ती आपली दोघांचीच भाषा उरली.

त्याच साली आमच्या मुसलमानांच्या गल्लीवर जे आलं, तेव्हा तुझ्या आबांनी मला आणि माझ्या अम्मीला तुमच्या घरात घेतलं. आम्हाला आत ठेवलं आणि स्वतः दारात काठी घेऊन बसून राहिले. लोक येऊन गेले. आबा उठले नाहीत. तू माझ्याशेजारी बसून पाटीवर मला गणितं घालत होतास, माझं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. पुढं त्या दिवसांबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू उपकाराची भाषा काढली नाहीस आणि मला ती काढू दिली नाहीस. आज काढतो. माझा संसार, माझी मुलं, मी शिकवलेली पोरं, सगळं तुमच्या त्या दारामुळं आहे.

मी इथंच गणिताचा मास्तर झालो. तू हैदराबादेत शिकलास आणि तिथून मुंबईला एका संशोधन संस्थेत गेलास. तिथं खोलीभर पसरलेलं गणकयंत्र होतं, आणि तू त्याला हुकूम लिहून देणाऱ्यांतला एक झालास. गावात कुणाला ते काम सांगता येईना. तुझी आई म्हणायची, "माझा दत्तू मशिनीला शिकवतो." तिचंच बरोबर होतं.

दिवाळीच्या सुटीत तू आलास की आपण एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचो. तिथंच तू मला ते सगळं सांगितलंस. मी म्हणालो होतो, "चल राशी म्हणजे काय ते मला नको सांगू. क्ष आम्ही रोज शिकवतो."

"तुझा क्ष कागदावर असतो," तू म्हणालास. "माझा क्ष जागा अडवतो."

समोर परंड्याची गाडी लागत होती. लोक पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकत होते, टोप्या टाकत होते. तू बोट दाखवलंस. "ते बग. रुमाल पडला की जागा धरली. माणूस मागून येऊन बसतो. मी मशीनला नाव सांगितलं की ते स्मृतीतली एक जागा धरतं आणि तिला ते नाव देतं. आकडा मागून येतो."

"आणि आकडा आलाच न्हाय तर? जागा मोकळी?"

"मोकळी कधीच नसते. आधी जो कुणी बसला होता त्याचं काहीबाही तिथं पडलेलं असतं. तू मागितलंस की मशीन तेच उचलून देतं. लाज न्हाय वाटत त्याला."

मग तू जातींवर आलास. सही अदद असेल तर मशीन तो जसाच्या तसा ठेवतं. कसर असेल तर त्याच जागेचे दोन भाग करतं, एकात आकडे, दुसऱ्यात टिंब कुठं द्यायचं ती खूण. म्हणून कोणती जागा कोणासाठी, हे मशीनला आधी कळावं लागतं.

"आणि ते कळतं कसं?"

"नावावरून. फोर्ट्रानमधी नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांतलं असलं, की ती जागा सही अददची. बाकीची अक्षरं कसरीची. तुला वेगळं पाहिजे असंल तर आधीच बजावून सांगायचं. न सांगता गेलास, तर मशीन अक्षर बघतं आणि मोकळं होतं."

"आणि सही अददच्या जागेत कसर टाकली तर?"

"कापतं. पावणेचार टाक, तीन ठेवतं."

"तीन? जवळचा तर चार आहे!"

"जवळ-लांब ते बघत न्हाय. टिंबाच्या पुढचं सगळं कापून टाकतं."

"आणि सांगतं तरी का, कापलं म्हणून?"

"न्हाय," तू म्हणालास. "सांगत न्हाय."

आपण हसलो, दत्ता. मी म्हणालो, जनाब असते तर त्यांनी मशीनचाही कान धरला असता.

त्याच हॉटेलात आपलं भांडण सुरू झालं. तू टेबलावर बोटानं पाण्यानं लिहिलंस, 'एन बरोबर एन अधिक एक'. मी चिडलो. कोणताही आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा नसतो, माझ्या वर्गात कुणी हे लिहिलं तर त्याला भोपळा मिळेल. तू शांतपणे म्हणालास, "हे समीकरण न्हाय. हा हुकूम हाय. त्या जागेतला आकडा घे, एक मिळव, परत तिथंच ठेव."

"आणि जुना आकडा?"

"गेला."

"गेला म्हणजे कुठं?"

"कुठं न्हाय. त्याच्यावर नवा बसला."

"तो कधीकाळी तिथं होता याची खूण?"

"कायबी न्हाय."

मग ती स्मृती कसली, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं, असलीच स्मृती बरी, माणसासारखं साचून राहत नाही. दर सुटीला आपण तेच भांडण नव्यानं करायचो. कुणी जिंकलं नाही. जिंकायची घाईही नव्हती. अजून पुष्कळ सुट्या आहेत असंच दोघांना वाटत होतं.

मग तलाव आला.

भूमजवळच्या तुझ्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बांध घालून तलाव करायचं ठरलं, तेव्हा गाव हरखून गेलं. आमचा हा कोरडा भाग. पाणी म्हटलं की माणसं देवाचं नाव घेतल्यासारखा आवाज काढतात. कामावर एक तरुण इंजिनियर आले होते. तू सुटीवर आलास तेव्हा तुझी त्यांच्याशी ओळख झाली. तुझ्या मशीनचं त्यांना फार कुतूहल. ओढ्याला आजवर मोठ्यात मोठा पूर किती आला असेल ते काढायचं होतं, म्हणजे जादा पाणी सोडून द्यायला सांडवा केवढा रुंद ठेवायचा ते ठरलं असतं. त्यांनी हातानं हिशेब केलाच होता. तू म्हणालास, "मला मापं द्या. मीही करून बघतो." ते तुझ्या गावचं काम होतं. बांधाच्या खाली, ओढ्याकाठच्या वस्तीत तुझी आक्का नांदत होती.

मराठी राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. तू मुंबईला जाताना मला म्हणालास, "इस्माईल, या वेळी सगळी नावं मराठीत देणार हाय. रोमन अक्षरांत, पण मराठी. पूर, तळ, रुंदी, उतार, वेग, खोली. सहा अक्षरांत बसतात बग सगळी. आपले शब्द जणू मशीनसाठीच आखूड केलेत." मी तुला इतका खूश क्वचितच पाहिला होता.

पुढच्या सुटीत तू आकडा घेऊन आलास. गावभर झालं, आपल्या दत्तूनं मशिनीवर तलाव तपासला. आक्कानं शिरा केला. तिची गोदी, सातआठ वर्षांची, तुझ्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. "मामा, तुमच्या मशिनीला पवता येतं का?" तिनं विचारलं. तू म्हणालास, "न्हाय गं. तिला नुसतं पाणी मोजता येतं."

तलाव झाला. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा पडला, पाणी अडलं, विहिरींना पाझर फुटले. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात पावसानं दम घेतला नाही. सकाळी एसटीच्या ड्रायव्हरनं भूममध्ये बातमी आणली, की सांडव्याला पाणी मावेना, ते बांधावरून गेलं, आणि सांडव्याशेजारीच बांध फुटला. आम्ही चालत निघालो. वस्तीच्या जागी चिखल होता आणि चिखलात कुणाचं जातं, कुणाचा पाळणा. आक्काला बाभळीच्या झाडानं धरून ठेवलं होतं. तिच्या हातातून गोदी सुटली होती. वस्तीतली आणखीही माणसं गेली. गोदी खालच्या गावाच्या शिवारात सापडली.

तू मुंबईहून आलास. आक्काजवळ बसून राहिलास आणि परत गेलास. तेव्हा तुला काही माहीत नव्हतं.

ते कळल्यावर तू आलास तो थेट माझ्या वर्गात. मी नववीला शिकवत होतो. तू न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसलास. दाढी वाढलेली, हातात पिशवी नाही, काही नाही. मुलं गेल्यावर तू उठलास, फळा पुसलास आणि रोमन अक्षरांत एक ओळ लिहिलीस. मी वाचली: खोली बरोबर पूर वजा तळ.

"यात चूक काय हाय?" तू विचारलंस.

मी बघितलं. पुराच्या खुणेची उंची, त्यातून तळाची उंची वजा केली, की पाण्याची खोली. पाचवीतलं पोरही हेच करील. "काही चूक न्हाय," मी म्हणालो.

"दिसत न्हाय ना?" तू म्हणालास. "मलाबी दिसली न्हाय. परवा एका नव्या माणसाला नियम शिकवत होतो. आय ते एन. शिकवता शिकवता गप झालो." तू 'खोली'च्या पहिल्या अक्षराखाली खडूनं रेघ ओढलीस. के. "पूर कसरीचा. तळ कसरीचा. रुंदी, उतार, वेग, सगळे कसरीचे. एकटी खोली सही अदद. मी आधी बजावून सांगितलंच न्हाय. जिथं पावणेचार फूट पाणी होतं, तिथं तीन धरलं. साडेचारचं चार. प्रत्येक ठिकाणचं वरचं पाणी कापलं. पूर लहान निघाला, इस्माईल. म्हणून सांडवा लहान निघाला."

हाच नियम तू मला हॉटेलात बसून शिकवला होतास. तो तुला येत नव्हता असं नाही. आजवर तू ते नाव इंग्रजीत लिहीत आला होतास, डेप्थ, आणि तिथं पहिलं अक्षर डी पडतं. आपला शब्द घातलास आणि जागा बदलली. मी खडू तुझ्या हातातून काढून घेतला. फळा पुसायला लागलो. तू माझा हात धरलास. "ऱ्हाऊ दे," म्हणालास. दुसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, सर, हे काय लिहिलंय? मी म्हणालो, वजाबाकी.

ते इंजिनियर तोवर बदलून रस्त्याच्या कामावर येरमाळ्याला गेले होते. आपण एसटीनं गेलो. हमरस्त्याकडेला, चहाच्या टपरीवर भेट झाली. त्यांनी तुला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुमचा आकडा आठवतो ना," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा कमी होता."

"मग सांडवा कोणत्या आकड्यानं बांधला?"

"वरच्या साहेबांपुढं मी दोन्ही ठेवले. त्यांनी काहीतरी मधलं धरलं असावं."

"मधलं?"

"किंवा आमचंच आधीचं असेल. आता नक्की नाही सांगता येणार." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "हे बघा, दत्तात्रयराव, तेवढ्या पावसाला कोणताच सांडवा पुरला नसता. शिवाय बांधाची माती नीट दाबलेली नव्हती. हे मी बोललो असं कुठं सांगू नका."

परतीच्या गाडीत आपण भांडलो. त्या माणसाच्या बोलण्यातला 'मधलं' हा शब्द तू धरलास. मी 'आधीचंच असेल' धरलं. मी म्हणालो, माती दाबली नव्हती हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. तू म्हणालास, पाणी बांधावरून गेलं, ते सांडव्यात मावलं नाही म्हणून. मी म्हणालो, मशीनला विचारता येणार नाही का, तेव्हा नेमकं काय काय निघालं होतं? तू माझ्याकडं बघितलंस, मूर्खाकडं बघावं तसं. "त्या जागेत तवापासून किती जण बसून गेले असतील," म्हणालास.

आपलं खरं भांडण ते. पहिलं मजेचं होतं. हे शेवटपर्यंत चाललं आणि यातही कुणी जिंकलं नाही.

तू नोकरी सोडलीस. मुंबईहून माणसं येऊन समजावून गेली; अशा चुका होतात, तो तर नुसता ताळा होता, असं सगळं म्हणाली. तू त्यांना चहा पाजलास आणि गाडीत बसवून दिलंस. गावात राहू लागलास. आई-आबा तोवर गेले होते. आक्काची वस्ती आता उंचावर बसली होती, तिच्याकडंच जेवायला जायचास. मी म्हणालो, शाळेत ये, गणिताला माणूस नाही. तू म्हणालास, "मी पोरांना काय शिकवू? वजाबाकी?"

एक दिवस तू आक्काला सांगायचं ठरवलंस. मला बरोबर नेलंस. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तू जमिनीवर बोटानं ते अक्षर काढलंस आणि तिला सगळं समजावलंस. स्मृती, जागा, नावं, अक्षर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे अक्षर चुकलं तुझं?"

"व्हय."

"एक अक्षर?"

"एकच."

"अरं येड्या," ती म्हणाली, "मला तर एकबी अक्षर येत न्हाय. मग म्या किती जणास्नी बुडवलं असंल?" आणि तिनं तुझ्या ताटात गरम भाकरी टाकली. "खा. लई वाळलाईस."

तू ती भाकरी खाल्लीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "तिनं माफ केलं न्हाय, इस्माईल. तिला कळलंच न्हाय. कळल्याबिगर माफी कशी असंल?" मी म्हणालो, तिनं प्रेम केलं, तेवढं पुरे आहे. तू मान हलवलीस. ती होकाराची होती की नकाराची, मला अजून उमगलेलं नाही.

मग ताप. आधी नुसती अंगात कसर, मग खोकला, मग रक्त. मी तुला उस्मानाबादेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या, सांगितलं की हल्ली या दुखण्यातून माणसं उठतात, फक्त मधेच सोडू नका. तू मधेच सोडलंस. मी रागावलो, दारात उभा राहून ओरडलो, तुझे पाय धरले. तू म्हणालास, "तू आपला घरी जा. भाभी वाट बघत असंल." आवाज इतका मऊ, की माझा राग जागच्या जागी जिरला. तू मरायचं ठरवलं होतंस असं मी म्हणणार नाही. जगायला लागणारी खटपट तू सोडून दिलीस, इतकंच.

शेवटच्या दिवसांत तू मला एकच मागत होतास. "एकदा म्हण, इस्माईल. दत्ता, तुझ्यामुळं झालं असेल. झालं म्हणू नको. असेल म्हण." मी दर वेळी म्हणालो, माती दाबली नव्हती. तू भिंतीकडं तोंड फिरवायचास. मी गणिताचा माणूस. जे सिद्ध होत नाही ते मी म्हणत नाही. पण जे सिद्ध होत नाही ते खोटंही ठरत नाही, हे मी रोज वर्गात सांगतो, आणि तुलाही ते चांगलं ठाऊक होतं. 'असेल' हा एवढासा शब्द. आजही मला कळत नाही, तो दिला असता तर तू सुटला असतास की लवकर गेला असतास.

तू गेल्यावर दोनतीन दिवसांनी आक्का माझ्या घरी आली. एकटीच आली होती, उन्हातून चालत. माझ्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. आक्कानं त्याला हात लावला नाही.

"इस्माईलभाऊ, तापात तो तुमच्याकडं काय मागत हुता? 'म्हण, म्हण' करायचा. तुमचं नाव घिऊन. काय म्हणायचं ऱ्हायलं तुमचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती तुझ्यासारखीच बघत होती, सरळ. मी या वेळी अक्षर काढलं नाही. मशीनचं नाव घेतलं नाही.

"आक्का, तलाव बांधायच्या आधी ओढ्याला किती पाणी येतं ते काढायचं होतं. पुराची खूण वर, तळ खाली. मधलं जेवढं, तेवढी खोली. कुठं पावणेचार फूट पाणी होतं. दत्ताच्या हिशेबात तीनच धरलं गेलं. वरचं पाणी हिशेबात आलंच न्हाय. म्हणून लहान सांडवा पुरंल असा आकडा निघाला."

"आन मग तसाच बांधला?"

"ते कुणालाच नक्की ठाऊक न्हाय. तसा असेल. नसेलही. माती दाबली नव्हती म्हणतात. पण दत्ताला वाटायचं, आपल्यामुळं."

तिनं आपला तळवा आडवा धरला, जमिनीपासून काही उंचीवर, आणि थोडा वर उचलला. पुन्हा खाली आणला. पुन्हा वर नेला.

"गोदी एवढी हुती," ती म्हणाली. "तीन फुटात तिचं तोंड वर ऱ्हायलं असतं."

मला सांगायचं होतं, की तसं नसतं, आक्का. ती मापं त्या दिवसाच्या पाण्याची नव्हती. त्या दिवशी आलं ते पाणी माणूसभर होतं, त्याला फूट-इंच नव्हते. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आपल्या हाताकडं बघत होती.

"आन हे डोक्यात ठिवून त्यो रोज माझ्याम्होरं बसून भाकरी खात हुता," ती म्हणाली.

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, आक्का. चुलीपुढं."

"त्यानं अक्षर सांगितलं," ती म्हणाली. "पाणी न्हाय सांगितलं."

ती उठली. पदर सारखा केला. माझी बायको थांबा म्हणत होती, चहा ठेवते म्हणत होती. आक्का उन्हात उतरली आणि गेली.

तुझ्या दहाव्याला दाजी एकटेच आले. आक्काला बरं नाही म्हणाले. लोकांनी पुन्हा मुंबईच्या हवेचं काढलं. मी पुन्हा गप्प राहिलो.

तुला वाटायचं, तिला एकदा कळलं की काहीतरी होईल. ती माफ करील, नाहीतर शिव्या देईल, नाहीतर तुला दाराबाहेर काढील. काहीही झालं तरी ते तुला मिळालेलं असेल. तिला कळलंय, दत्ता. ते घ्यायला आता तू नाहीस.

काल भूमचा बाजार होता. आक्का डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारावरून गेली. मी ओट्यावर होतो. "आक्का," मी हाक मारली. तिच्या पाटीतली मेथी हलली, म्हणजे हाक तिला ऐकू गेली होती. ती थांबली नाही.

तुझा,
इस्माईल